शिशूपयोगी वस्तूंची निवड : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक विचार

तान्ह्या मुलाच्या अंगावर काय घालावे, त्याच्या तोंडी काय द्यावे, कोणत्या भांड्यात त्याची पेज शिजवावी, हे प्रश्न आजवर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अधिकारातील मानले जात. आता त्यांत दुकानदार, जाहिरात आणि वेष्टणावरील छापील शब्द ह्यांनी प्रवेश केला आहे. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत शिशूंच्या वस्तूंचे दुकान पाहिले, तर ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’, ‘पर्यावरणस्नेही’ अशी विशेषणे मिरविणाऱ्या बाटल्या व डबे फळीफळीवर आढळतात. त्यांची किंमत साध्या वस्तूंच्या दुप्पट-तिप्पट असते. अशा प्रसंगी ज्या घराची प्राप्ती बेताची आहे त्या घरातील आईला आपण मुलाच्या बाबतीत काही उणे करीत आहोत की काय, अशी रुखरुख लागते. ही रुखरुख कितपत साधार आहे, धोका नेमका कोठे आहे आणि तो टाळण्यास पैसा लागतो की माहिती, ह्याचा विचार ह्या दोन जिल्ह्यांची हवा, पाणी, पिके व चालीरीती डोळ्यांपुढे ठेवून करणे उपयुक्त ठरेल.

प्रथम शिशूच्या देहाविषयी. लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसाहून अधिक हवा आत घेते, अधिक पाणी पिते आणि त्याच्या त्वचेचे क्षेत्रही वजनाच्या मानाने अधिक असते. यकृत व मूत्रपिंडे ह्यांची विषारी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याची शक्ती पहिल्या काही महिन्यांत अपुरी असते. शिवाय रांगणारे मूल जमिनीलगत वावरते आणि हाती येईल ते तोंडात घालते. धूळ ही मोठ्यांच्या दृष्टीने केवळ अस्वच्छता होय. रांगणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती आहाराचा एक भाग ठरते.

ह्या सर्वांत शिसे ह्या धातूचा प्रश्न अग्रभागी ठेवावा लागतो. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ मनुष्य साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत शोषून घेतो, तर लहान मूल चाळीस ते पन्नास टक्के शोषून घेते. शरीरात लोहाची उणीव असेल तर हे शोषण आणखी वाढते, कारण आतड्याला लोह व शिसे ह्यांतील भेद पुरता कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे ज्या मुलाच्या ताटात हिरवी भाजी व कडधान्य कमी, त्याच मुलाच्या रक्तात बाजारातील शिसे अधिक सहजपणे शिरते. युनिसेफ व प्युअर अर्थ ह्या संस्थांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे निर्धोक असे प्रमाण ज्ञात नाही. त्याने बुद्धीची वाढ खुंटते, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही. ते होत असताना मूल रडत नाही, त्याला तापही येत नाही. म्हणूनच हे विष ओळखू येत नाही.

आता वस्तूंकडे वळावयाचे तर कापडापासून आरंभ करणे योग्य, कारण ह्या प्रदेशाची परंपरा ह्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतकी शहाणी आहे. नांदेड हा कापसाचा जिल्हा. येथील कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण १९८४ नंतर दूरवर पसरला. नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात व त्यांसाठी लागणारे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणले जाते. अशा प्रदेशात बाळाची दुपटी, लंगोट, झबली, कुंची व टोपरी सुताची असणे स्वाभाविकच होते. परंतु परंपरेचे खरे मर्म सुतात नसून जुनेपणात आहे. बाळासाठी नवे कापड न घेता आजीचे मऊ लुगडे किंवा आजोबांचे धुवट धोतर फाडून दुपटी करावयाची आणि त्याच चिंध्यांची वाकळ शिवावयाची, ह्या रिवाजाला आजवर काटकसर समजले गेले; कोणी तर दारिद्र्यही समजले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास त्याचा अर्थ निराळा लागतो. नव्या कापडावर खळ असते, सुरकुत्या पडू नयेत म्हणून चढविलेल्या राळेतून फॉर्माल्डिहाइड हा दाहक वायू सुटत असतो, आणि धाग्याला पक्का न बसलेला रंगही असतो. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात ह्यांपैकी काही उरत नाही. जपानने १९७३ च्या कायद्यान्वये दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड मुळीच आढळता कामा नये असा दंडक घातला. मराठवाड्यातील आजी तोच दंडक कोणत्याही प्रयोगशाळेवाचून पाळीत आली. भारतात १९९७ मध्ये कर्कजनक अमाइने निर्माण करणाऱ्या ॲझो रंगांवर बंदी आली असली, तरी आठवडी बाजारातील भडक, स्वस्त, नामनिर्देश नसलेल्या कपड्यांची तपासणी कोण करणार, हा प्रश्न उरतोच. तेव्हा नवे कापड घेतलेच तर ते फिक्या रंगाचे वा पांढरे असावे आणि अंगावर घालण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुऊन उन्हात वाळवावे, एवढे पुरे आहे. त्यासाठी सेंद्रिय कापसाच्या महाग झबल्यांची आवश्यकता नाही. सेंद्रिय शेतीने जमिनीचे व शेतकऱ्याचे कल्याण होते, आणि त्या कारणास्तव ते कापड घेणाऱ्याने अवश्य घ्यावे. पण धुतलेल्या साध्या सुती कापडापेक्षा ते बाळाच्या त्वचेला फारसे अधिक निर्धोक असते असे म्हणता येत नाही.

ह्या जुन्या कापडाच्या कथेत एक दोष मात्र मागाहून शिरला आहे. पहिल्या मुलाची झबली, दुपटी व वाकळा दुसऱ्या मुलासाठी पेटीत जपून ठेवताना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आहे. ह्या गोळ्या नॅफ्थलिनच्या असतात. त्यांची वाफ कापडात मुरते व अशा कापडात गुंडाळलेल्या नवजात अर्भकाच्या श्वासावाटे व त्वचेवाटे शरीरात जाते. ज्या मुलांत जी-सिक्स-पीडी नावाच्या वितंचकाची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी ह्या वाफेने फुटतात, तीव्र कावीळ होते व ती मेंदूपर्यंत पोहोचू शकते. ही उणीव भारतात विरळ नाही, आणि ती आहे किंवा नाही हे जन्माच्या वेळी बहुधा कोणी तपासलेले नसते. म्हणून बाळाच्या कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या मुळीच टाकू नयेत. कडुनिंबाचा वाळला पाला व वेखंडाचे तुकडे ही जुनी योजना पुरेशी आहे. पेटीतून काढलेले कपडे त्यानंतरही धुऊन उन्हात टाकावेत.

दुपट्यांचा विचार करताना पाण्याचा विचार टाळता येत नाही, आणि येथेच लातूरचा प्रश्न इतर ठिकाणांहून वेगळा पडतो. एकदा वापरून फेकावयाचे लंगोट, ज्यांना आता सर्वत्र ‘डायपर’ म्हणतात, ते पर्यावरणास घातक व कापडी दुपटी निर्दोष, असे सरसकट विधान नेहमी ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. डायपरचा बाहेरचा पापुद्रा पॉलिएथिलिनचा, आतील अस्तर पॉलिप्रोपिलिनचे आणि मधला शोषक भाग लाकडाचा लगदा व सोडियम पॉलिअॅक्रिलेट ह्यांचा असतो. दिवसाला पाच धरले तर अडीच वर्षांत एका मुलामागे साडेचार हजारांवर नग होतात. ते नांदेडच्या तुप्पा येथील किंवा लातूरच्या वरवंटी येथील कचरा डेपोकडे जातात; खेड्यांत तर ते ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या कडेला पडतात व कुत्री ते ओढीत नेतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी असा कचरा वेष्टनात गुंडाळून वेगळा द्यावा व त्यासाठी लागणारी पिशवी उत्पादकांनी पुरवावी असे सांगितले होते. गावपातळीवर त्याचा मागमूस क्वचितच दिसला.

दुसरी बाजू अशी. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये व सुधारून २००८ मध्ये केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांच्या काळातील उष्णतावर्धक वायूंचा हिशेब फेकाऊ लंगोटांसाठी सुमारे ५५० किलो व कापडी लंगोटांसाठी सुमारे ५७० किलो, म्हणजे जवळपास सारखाच, निघाला. कारण तेथे कापड गरम पाण्यात, यंत्रात धुतले व विजेच्या यंत्रात वाळविले जाते. तेच कापड दोरीवर वाळविले, यंत्र पूर्ण भरून चालविले आणि दुसऱ्या मुलासाठीही वापरले, तर कापडाचा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो असेही त्याच अभ्यासात आढळले. मराठवाड्यात ऊन फुकट आहे, धुणे हाताने व थंड पाण्याने होते आणि दुपटी तीन-तीन भावंडांना पुरतात. हा हिशेब येथे कापडाच्या बाजूने निर्विवाद झुकतो.

परंतु इंग्रजी अभ्यासात पाण्याचा तुटवडा हे पद मोठे नव्हते. लातूरला ते सर्वांत मोठे असू शकते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात आली. तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे त्या गाडीने माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, तेव्हाही एका गाडीतील वाटा माणशी साडेसहा लिटरच होता. आता तान्ह्या मुलाची दिवसाकाठी आठ-दहा दुपटी भिजतात; ती दोन-तीन पाण्यांतून काढावयाची तर दोन-तीन बादल्या लागतातच. त्या उन्हाळ्यात ज्या घरात बाळंतीण होती, त्या घराने टँकरची रांग धरावी की दुकानातून डायपर आणावेत, ह्याचा निवाडा पर्यावरणाचे पुस्तक उघडून करता येण्यासारखा नव्हता. अपुऱ्या पाण्यात अर्धवट धुतलेले दुपटे मुलाच्या अंगाला लागून चट्टे उठतात व जंतुसंसर्ग होतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. त्यामुळे दुष्काळी महिन्यांत रात्री व प्रवासात फेकाऊ लंगोट, दिवसा घरी दुपटी, असा मध्यम मार्ग काढणाऱ्या आईला कोणी दोष देऊ नये. बाळाच्या आंघोळीचे पाणी घमेल्यात साठवून त्यात दुपट्यांचा पहिला मळ काढणे आणि शेवटचेच पाणी स्वच्छ वापरणे, ह्या युक्तीने निम्मे पाणी वाचते. टंचाई सोसलेल्या घरांना ती नव्याने सांगावयास नको. नांदेडला विष्णुपुरीच्या जलाशयामुळे शहरापुरती परिस्थिती बरी असते, पण मुखेड, कंधार, लोहा ह्या तालुक्यांत लातूरचाच अनुभव येतो.

पाण्याच्या अल्पतेबरोबर त्याच्या गुणाचाही विचार हवा. काळ्या पाषाणातील खोल विंधन विहिरींचे पाणी जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट त्याची चिकट साय कापडाच्या धाग्यांत बसते. दुपटी कडक होतात व बाळाच्या मांड्या लाल होतात. दोष मात्र कापडाला दिला जातो. अशा पाण्यात साबण वाढविण्याऐवजी तो कमी करून, थोडा धुण्याचा सोडा घालून, शेवटी खळखळून धुणे अधिक हितकर. पिण्याच्या बाबतीत तर अधिक सावधपणा हवा. मराठवाड्यातील अनेक विहिरींत नायट्रेटचे प्रमाण भारतीय मानकाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा, अधिक असल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत आढळले आहे, आणि नांदेड जिल्ह्यातील काही गावांना फ्लोराइडयुक्त पाण्याचा त्रास पूर्वीपासून आहे. वरच्या दुधाची भुकटी अशा पाण्यात कालवून सहा महिन्यांच्या आतील मुलास दिल्यास नायट्रेटमुळे त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन ओठ व नखे निळी पडतात. येथे एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे : पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. सहा महिने केवळ अंगावरचे दूध देणे हा ह्यावरचा बिनखर्चाचा उपाय होय.

बाटलीविषयी थोडक्यात सांगता येईल. दूध पाजावयाच्या बाटल्यांची व शिशुदुग्ध-पर्यायांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. बिस्फेनॉल-ए असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या भारतीय मानकाने २०१५ मध्ये बाद ठरविल्या. त्यांच्या जागी आलेल्या पॉलिप्रोपिलिनच्या बाटल्यांत कढत पाणी ओतले असता लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म प्लॅस्टिककण सुटतात, असे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले. त्यांचा शरीरावर परिणाम काय होतो ह्याचा अभ्यास अद्याप चालू आहे. बालरोगतज्ज्ञ मात्र जंतूंच्या कारणास्तव फार पूर्वीपासून बाटलीऐवजी वाटी-चमचा सांगत आले आहेत. आणि महाराष्ट्रातील घरांत त्याहीपूर्वी बोंडले होतेच. पोलादाची वाटी व चमचा घासता येतो, उकळता येतो आणि त्याचे कण सुटत नाहीत. पेज किंवा खिमट शिजविण्याचे भांडेही पोलादाचेच असावे. भंगारातून ओतलेल्या हलक्या ॲल्युमिनियमच्या व हिंडालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरत असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. पितळेच्या भांड्याला कल्हई लावून घेताना कथील शुद्ध आहे किंवा नाही हे पाहणेही आवश्यक आहे, कारण त्यात शिशाची भेसळ होऊ शकते.

परंपरेविषयी आदर असला तरी तिची प्रत्येक वस्तू निर्दोष मानता येत नाही, आणि ह्याचे सर्वांत अनपेक्षित उदाहरण हळदीचे आहे. हळद हे ह्या भागाचे वैभव होय. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि नांदेडच्या बाजारातही हळदीची मोठी उलाढाल होते. बाळाच्या उटण्यात हळद, बाळंतिणीच्या दुधात हळद, गुटीत हळकुंड, असा तिचा सर्वत्र संचार असतो. हळकुंडे शिजवून, वाळवून, फिरत्या पिंपांत घासून चकचकीत करतात. ह्या घासण्याच्या वेळी त्यांना उजळ पिवळेपणा यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे रंगाच्या कारखान्यातील पिवळी भुकटी, चोळली जाते. त्यात शिसेही आहे व क्रोमियमही. बांगलादेशात ही भेसळ २०१९ मध्ये संशोधकांनी उजेडात आणली. त्यानंतर भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका ह्या देशांतील २३ शहरांतील बाजारांत घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चौदा टक्के नमुन्यांत शिसे नैसर्गिक पातळीहून अधिक निघाले, आणि पाटण्याच्या काही नमुन्यांत ते ग्रॅममागे १,००० मायक्रोग्रॅमच्या वर होते. भारतीय नियमानुसार मर्यादा १० आहे. ह्या बातमीने मराठवाड्याच्या हळदीवर संशय घेण्याचे कारण नाही. उलट ती हाताशी असणे ही येथील गृहिणीची सोय आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली, मातकट रंगाची हळकुंडे घ्यावीत व गिरणीत दळून आणावीत. बाजारातील हळकुंड काचेच्या पेल्यातील पाण्यात टाकून पाहावे : शुद्ध हळकुंड पाण्याला रंग देत नाही, रंगविलेले तत्काळ पिवळी धार सोडते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सांगितलेली ही परीक्षा ढोबळ आहे आणि दळलेल्या हळदीला ती लागू पडत नाही, तथापि सर्वांत वाईट माल तिने गळून जातो. बांगलादेशात पुढे शासनाने बाजारांत छापे घालून, दंड करून व घरोघर माहिती पोहोचवून असे काम केले की, २०१९ मध्ये ४७ टक्के असलेले दूषित नमुन्यांचे प्रमाण २०२१ मध्ये शून्यावर आले. ही गोष्ट घरातील दक्षतेने साधली नसती, हे नमूद केले पाहिजे.

काजळाची गोष्ट ह्याच्याशी जुळणारी आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून पाडलेले काजळ हे मुख्यतः कोळशाचे सूक्ष्म कण होत. त्यात शिसे नसते. परंतु बाजारातील बिननावाच्या डब्यांत काय असते ते सांगता येत नाही, आणि जुन्या हैदराबादी वळणाच्या घरांत वापरला जाणारा काळा सुरमा पुष्कळदा शिशाचे खनिज कुटून केलेला असतो. डोळ्यांतील काजळ अश्रूंबरोबर व चोळलेल्या बोटांबरोबर तोंडात जाते. घरचे काजळही बोटाने घालताना डोळ्याला इजा व संसर्ग होतो, म्हणून डॉक्टर त्याला मनाई करतात. दृष्टीची तीट लावावयाचीच असेल तर ती कानामागे किंवा तळपायाला लावावी. श्रद्धाही राहील आणि डोळेही.

गुटीतील वेखंडाचे तसेच आहे. त्यातील बीटा-असारोन ह्या द्रव्याने उंदरांत कर्करोग होतो असे आढळल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडास बंदी केली. सहाणेवर एक-दोन वेढे उगाळण्याने तेवढे पोटात जाते असे नव्हे. पण सहा महिन्यांच्या आत दुधाखेरीज काही देऊ नये हा नियम पाळला, तर हा वाद उद्भवतच नाही. जायफळ अधिक उगाळल्यास मूल गुंगून पडते व घरची माणसे त्याला शांत झोप समजतात, हे मात्र खरोखरच धोक्याचे. वेखंडाला कपड्यांच्या पेटीत मानाचे स्थान आहे, ते वर सांगितलेच. न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी देण्याची पद्धत तर सर्वस्वी सोडून द्यावी. इवल्या फुप्फुसांना कोणताही धूर औषधी नसतो.

तेल-मालिशीची पद्धत राखावी. करडई हे मराठवाड्याचे जुने पीक. सोयाबीनने तिची शेते गिळली, तरी लाकडी घाण्यावरचे करडईचे तेल लातुरात अद्याप मिळते. त्यात लिनोलेइक आम्ल विपुल असते व ते त्वचेचा पापुद्रा बळकट करते. ह्याच आम्लाने समृद्ध असलेल्या सूर्यफुलाच्या तेलाने अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील संसर्ग घटतो, असे बांगलादेशातील रुग्णालयीन अभ्यासात २००५ मध्ये आढळले. खनिज तेलाच्या सुगंधी बाटलीपेक्षा हे तेल स्वस्तही पडते.

आंघोळीनंतरच्या पावडरीविषयी महाराष्ट्रात अलीकडे मोठा वाद झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या मुलुंड येथील कारखान्यातील बेबी पावडरचे पुणे व नाशिक येथे घेतलेले नमुने आम्लता-निर्देशांकाच्या कसोटीत उतरले नाहीत, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द केला. नव्याने तपासलेले नमुने मानकात बसल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्दबातल ठरविला. त्याच वर्षी कंपनीने जगभर शंखजिऱ्याऐवजी मक्याच्या पिठाची पावडर विकण्याचे धोरण अवलंबिले. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये शंखजिरे ‘बहुधा कर्कजनक’ ह्या वर्गात घातले. खटल्याचा निकाल काहीही असो, एक गोष्ट बालरोगतज्ज्ञांना त्यापूर्वीही ठाऊक होती : पावडर कोणतीही असो, तिचा धुरळा मुलाच्या श्वासात जातो, आणि कोरड्या पुसलेल्या अंगाला तिची गरज नसते. मराठवाड्याच्या घामट उन्हाळ्यात सैल सुती झबले हीच घामोळ्यांवरची पावडर होय.

खेळण्यांच्या बाबतीत कायदा आता बराच स्पष्ट आहे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. त्यात जड धातू व प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेटे ह्यांच्या मर्यादा येतात. नोंदणीकृत हस्तकारागिरांना व भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, त्यामुळे चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी चिन्हावाचून घ्यावयास हरकत नाही. परंतु लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत पालापालांतून मांडलेल्या भडक रंगाच्या शिट्ट्या, भिंगऱ्या व खुळखुळे ह्यांवर बहुधा कोणतेच चिन्ह नसते. मुलाला यात्रेतून रिकाम्या हाताने आणणे कोणाच्याही जिवावर येते. अशा वेळी तोंडात घालण्याजोगी रंगीत शिट्टी टाळून न रंगविलेली लाकडी किंवा कापडी वस्तू घेता येते. तसेच पाळण्याला व दारांना दिलेल्या रंगाचे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरविणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तैलरंगांत ती हजारांच्या घरात असे. जुन्या वाड्याच्या चौकटीचे पोपडे सुटत असतील तर ते कोरडे खरवडू नयेत, ओल्या फडक्याने पुसावेत, आणि घर रंगविण्याचे काम बाळंतपणाच्या दिवसांत काढू नये. बारशाला नवा रंग दिलेला जुना पाळणा आणावयाचा बेत असल्यास खालचा जुना रंग कोणता, हे आधी विचारावे.

शेवटी वेष्टणांवरील शब्दांचा विचार राहतो. ‘नैसर्गिक’ ह्या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. काळा सुरमा नैसर्गिकच आहे. पर्यावरणपूरक वस्तूंसाठी केंद्र शासनाने १९९१ मध्ये मातीच्या घड्याचे ‘इकोमार्क’ हे चिन्ह काढले, पण शिशूंच्या वस्तूंवर ते शोधूनही सहसा सापडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असा दावा करणाऱ्याने त्याचा आधार दाखविला पाहिजे. खाद्यवस्तूविषयी संशय असल्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमानुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून ती अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. आय.एस.आय. चिन्हाखालील परवाना क्रमांक खरा की खोटा, हे मानक ब्यूरोच्या भ्रमणध्वनीवरील सेवेत पाहता येते. अंगणवाडीतील मातृबैठकांत हळकुंडाची पाण्यातील परीक्षा आणि हा क्रमांक पाहण्याची रीत ह्या दोन गोष्टी करून दाखवावयास एक पेला, दोन हळकुंडे व एक दूरध्वनी पुरतो. विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यात त्यांचा समावेश करण्यास कोणतीही अडचण दिसत नाही.